मामाच्या पायाशी पाच पेडलं

४ फेब्रुवारी, मंगळवार

मामा हरला.

हे दोन शब्द लिहायला मिळावेत म्हणून मी आज दुकानातून येताना ही डायरी विकत घेतली. एरवी डायरी लिहिणाऱ्यांतली मी नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून झालं की संध्याकाळी स्वतःकडे बघायची ताकद उरत नाही. पण आजचं कुठेतरी टिपून ठेवलं नाही तर उद्या मामा सरळ कानांवर हात ठेवेल.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गिटार वाजवतो. आमच्या शहरात ज्याने म्हणून गिटार हातात घेतली, त्याने कधी ना कधी मामासारखं वाजवायचा प्रयत्न केला आणि मग निमूटपणे दुसरी नोकरी धरली. मीही त्यातलीच. मी चष्म्याचं दुकान काढलं. मामाचं तत्त्व एकच: गिटार, एक केबल आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प. "मध्ये तिसरं कुणी आलं की संसार बिघडतो," असं तो येता-जाता म्हणतो. माझ्याकडे पेडलं आहेत, आणि त्यांना तो डबडी म्हणतो. मुठीएवढ्या लोखंडी डब्या त्या. गिटारचा आवाज एका अंगाने आत शिरतो, दुसऱ्या अंगाने बदलून बाहेर पडतो. पायाने दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. या डबड्यांवरून मी कॉलेजात होते तेव्हापासून आमचं वाजतंय.

तर आज दुपारी एक बाई फ्रेमा निवडत होत्या, प्रत्येक फ्रेम घालून नवऱ्याला फोटो पाठवत होत्या, आणि मामा आत आला. दोन्ही हात खिशात, वाढलेली दाढी, एकदम कलाकार. म्हणाला, "भाचेबाई, मला ती तुझी डबडी हवीत."

मी म्हटलं, "सूर्य कुठून उगवला आज?"

"कुठून का उगवेना. मार्चअखेर कार्यक्रम आहे. तू निवड, तूच क्रम लाव. मला यातलं काही कळत नाही."

कळत नाही! मामाला! त्या बाई बघत होत्या म्हणून, नाहीतर मी टाळ्याच पिटल्या असत्या.

कार्यक्रम २९ मार्चला, जुन्या सिनेमा थिएटरमध्ये. मामाचा चौघांचा बँड पुष्कळ वर्षांनी एकत्र वाजवणार आहे. शेवटची चीज अर्थातच 'जिना'. मामाने ती तरुणपणी इमारतीच्या जिन्यात बसून बांधली, कारण तिथे आवाज छान घुमायचा. तिच्या शेवटी सूर वरून खाली असे धावत येतात की ऐकणाऱ्याचा पाय चुकेल. लोक तेवढ्यासाठी येतात. "मामा जिना उतरला का?" असंच विचारतात दुसऱ्या दिवशी.

६ फेब्रुवारी

वाद्यांच्या दुकानात गेलो. मामाच्या अटी ऐकून दुकानदार आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. पहिली अट, बटणं मोठी हवीत. आवाज कसा आहे हे नंतर, आधी बटण धरून बघायचा. एक फार गोड पेडल होतं, त्याची बटणं मुगाच्या दाण्याएवढी. मामा म्हणाला, "हे दागिने आहेत. मला हत्यारं दाखव."

दुसरी अट, सूर सगळे सारखे यायला हवेत, जोरात छेडला काय आणि हळू छेडला काय. मी म्हटलं त्याला कॉम्प्रेसर म्हणतात, मोठ्या आवाजाला दाबतो आणि बारीक आवाजाला वर उचलतो. पण तुला कशाला? तुझे सूर तर मोती ओवल्यासारखे सारखे असतात. तो म्हणाला, "म्हातारपणी मोतीसुद्धा मशीनने ओवावेत."

बाकी तो बटणं डोळ्यांनी न बघता चाचपत होता, ते मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्याचे डोळे गेले आहेत. जवळचं दिसत नसणार आणि सांगायची लाज वाटत असणार. रविवारी तपासणारच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

डोळे ठणठणीत! नंबर तोच आहे, कणभर हललेला नाही. दोनदा तपासले. मामा खुर्चीत बसून "हे बरं की ते?" या माझ्या प्रश्नाला मुद्दाम "दोन्ही सारखंच वाईट" म्हणत होता. त्याच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. एरवी तो स्वतःच बारीक पेचकस घेऊन बसतो आणि मला हात लावू देत नाही. आज निमूटपणे चष्मा काढून दिला. माझ्या कामावर विश्वास बसायला एवढी वर्षं लागली म्हणायची.

नंतर त्याच्या घरी कॉम्प्रेसर जोडून बघितला. मी पोचले तेव्हा मामी दारात उभी राहून त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. लग्नाला तीसेक वर्षं झाली असतील! मी जिन्याच्या वळणावरच थांबले, उगाच मध्ये कशाला. मामीने मला पाहिलं आणि लाजायचं सोडून एकदम गंभीर झाली. माझं लग्न झालं तर मला असला नवरा मिळो.

कॉम्प्रेसर मात्र मी अगदी हलकासा लावून दिला. फार दाबलं की सुरातला जीव जातो, असं मी त्याला नीट समजावलं. तो म्हणाला, "थोडा जास्त नाही का करता येणार?" मी म्हटलं, "मामा, तुला कळत नाही म्हणालास ना? मग ऐक."

ऐकलं त्याने. काय दिवस आले आहेत!

१५ फेब्रुवारी

आजची फजिती लिहावी की नको? लिहिते. दुसरं कुणी वाचणार नाही.

पेडलं बसवायला सुताराकडून एक तिरकी फळी करून आणली. तिच्यावर मोठ्या तोऱ्यात मांडामांड केली: डावीकडे पहिलं, मग दुसरं, मग तिसरं, जसं आपण लिहितो तसं. पट्ट्या लावून चिकटवूनही टाकली. आणि केबल जोडायला घेतली तर एकही पिन धड जाईना, सगळ्या केबली एकमेकींच्या अंगावरून आडव्यातिडव्या. कारण पेडलात आवाज उजवीकडून आत जातो आणि डावीकडून बाहेर पडतो. माझी स्वतःची पेडलं दोनच, ती नेहमी एकावर एक ठेवलेली, त्यामुळे मला हे कधी जाणवलंच नव्हतं. सगळं उचकटून उलटं लावावं लागलं.

मामा हसून हसून खुर्चीत वाकला. मामीने चहा आणला. त्याचा कप अर्धाच भरलेला. मामी साखर कमी करते हे ठाऊक होतं, आता चहाही कमी करायला लागली! मी म्हटलंही, "मामी, पुरा कप तरी दे गं बिचाऱ्याला." मामाच म्हणाला, "अर्धा कप दोनदा प्यायला की पुरा होतो, भाचेबाई."

२३ फेब्रुवारी

आता आपला क्रम असा: गिटार, मग सूर जुळवायचा ट्यूनर, मग कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह. हे ओव्हरड्राइव्ह म्हणजे आवाजाला जरा खरखर आणि ताकद देणारं पेडल. ट्यूनर पहिला, कारण त्याला कोरा सूर लागतो. कॉम्प्रेसर ओव्हरड्राइव्हच्या आधी, म्हणजे आधी सूर सारखे होतात आणि मग त्यांना ताकद मिळते. उलटं केलं तर आधी खरखर येते आणि मग तीच खरखर वर उचलली जाते. दोन्ही करून बघितलं. फरक एवढा की मामीसुद्धा स्वयंपाकघरातून ओरडली, "पहिलंच बरं होतं!"

पण आज खरी गंमत वेगळीच झाली. मामा एक पूर्ण ओळ उजवा हात न लावता वाजवत होता! डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती आपटायची, आणि ओव्हरड्राइव्हच्या जोरावर सूर उमटतो. उजवा हात मांडीखाली ठेवला होता. हे हल्लीची पोरं करतात, आणि मामा त्यांना आजवर "टायपिस्ट" म्हणत आलाय. मी तोंडात बोटं घातली. या वयात माणूस नवी भाषा शिकावी तसा शिकतोय, आणि ती शिकताना त्याच्या चेहऱ्यावर किती एकाग्रता! मला माझ्या मामाचा इतका अभिमान वाटला की मी तसं त्याला तोंडावर सांगून टाकलं.

त्याने गिटार बाजूला ठेवली आणि म्हणाला, "तू येत जा गं रोज."

२ मार्च

भांडलो.

व्हॉल्यूम पेडल आणलं. ते पायाखाली वरखाली होतं, नळासारखं. पाय पुढे दाबला की आवाज उघडतो, मागे घेतला की बंद. ते लावायचं कुठे? मी म्हणते, सगळ्यात शेवटी, अ‍ॅम्पच्या आधी. नळ टाकीच्या तोंडाशी असतो का घराच्या शेवटाला? शेवटी असला की एका पायात सगळं बंद. मामा म्हणतो, "शेवटी नको. पुढे जे काय येईल त्याच्या आधी."

"पुढे डिले येणार. नळ त्याच्या आधी लावलास तर नळ बंद केल्यावरही डिले बडबडत राहील."

"राहू दे की."

"अरे, पण कारण काय?"

"मला तसं आवडतं."

ज्याला यातलं काही कळत नाही त्याचा हट्ट बघा! शेवटी त्याच्या मनासारखं लावलं, पण मी तोंड फुगवूनच निघाले. मामी जिन्यापर्यंत सोडायला आली आणि माझा हात जरा जास्तच वेळ धरून उभी राहिली. मी म्हटलं, "मामी, हा तुला घरात पण असाच छळतो का गं?" ती म्हणाली, "नाही गं. अजिबात नाही."

९ मार्च, रविवार

आज जे ऐकलं ते मला नीट लिहिता येणार नाही, तरी लिहिते.

डिले जोडला. डिले म्हणजे नकलाकार. तुम्ही सूर काढा, जरा थांबून तो तोच सूर परत म्हणतो. किती थांबायचं ते आपण ठरवायचं. मामा तासभर ते एकच मोठं बटण कणाकणाने फिरवत बसला. मला वाटलं, खेळतोय. मग त्याने 'जिन्या'चा शेवट धरला, पण अर्धेच सूर वाजवले, एक आड एक. आणि त्याच्या दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत डिलेने नेमका मागचा सूर टाकला. मामा अर्धा जिना उतरत होता आणि ऐकू पूर्ण येत होता. मग त्याने पायाने नळ बंद केला, हात उचलून हवेत धरला, आणि डिले आपला एकटाच दोन-तीन पायऱ्या उतरत राहिला. मग पुन्हा नळ, पुन्हा हात.

माझ्या अंगावर काटा आला. जुना 'जिना' एका माणसाचा होता. यात असं वाटतं की एक जण उतरतोय आणि त्याच्या मागोमाग आणखी कुणीतरी आहे.

मी विचारलं, "हे तुला सुचलं कसं?"

तो म्हणाला, "इमारतीच्या जिन्यात बसायचो ना, तेव्हा जिना अर्धं काम करायचा. मध्यंतरी मीच सगळं करायला लागलो. आता पुन्हा त्याला सांगितलं, बाबा, तू तुझं अर्धं उचल."

लोक म्हणतात, वय झालं की माणूस जुन्याला चिकटतो. मामाने जन्मभराची चीज मोडून पुन्हा बांधली, आणि तीही मी निवडलेल्या पेडलावर. मला आता एकच हवंय. त्या दिवशी स्टेजवरून, सगळ्यांसमोर, त्याने एकदा म्हणावं की भाचीचं खरं होतं. बास. मग मी काही मागणार नाही.

१६ मार्च

बँडची तालीम, मास्तरीणबाईंच्या दिवाणखान्यात. या निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. कीबोर्ड वाजवतात आणि चूक झाली की चष्म्यावरून बघतात. बास गिटारवर खांब. तो वाजवताना हलत नाही, बोलत नाही, म्हणून खांब. ड्रमवर वादळ. या वादळाने एकेकाळी कार्यक्रमागणिक काठ्या मोडल्या आहेत.

पण वादळ आता म्हातारा झाला हो. 'जिना' इतका सावकाश धरला की मला उठून ढकलावंसं वाटलं. मी बोललेच, "काका, जरा पाय उचला की! मामा वाट बघतोय." वादळ मान खाली घालून म्हणाला, "गुडघे गं, गुडघे." आणि मास्तरीणबाई! मामाची ओळ सुरू झाली की त्याही तीच ओळ खालच्या सुरात वाजवतात. इतक्या वर्षांत कधी अशी लुडबूड केली नव्हती. मामा इतका भला की एका शब्दाने बोलला नाही. उलट तालीम संपल्यावर तिघांच्याही पाठीवरून हात फिरवला त्याने.

एवढं नवं करणारा माणूस आणि साथीला हे! पण त्यांच्यावरही जीव आहे माझा, लहानपणापासून यांच्या मांडीवर बसून तालमी ऐकल्या आहेत. म्हणून गप्प राहिले. जवळजवळ.

२२ मार्च

दुकानात गर्दी. मामाचा निरोप बोलून आला, हल्ली तो लिहून पाठवतच नाही, सगळं बोलून पाठवतो. "भाचेबाई, थिएटरात फळी तूच मांडशील ना? दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको." हा निरोप मी गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाजवला. दोनदा.

२८ मार्च, शुक्रवार

थिएटर बघून आले. छत उंच, भिंती उघड्या, टाळी वाजवली तर ती परत येऊन भेटते. अशा जागी डिले नळ बंद केल्यावरही बडबडत राहिला तर शेवटी सगळा गोंधळ होईल. 'जिन्या'चा शेवट कसा हवा? कडक. पाय मागे घेतला, शांतता. त्यासाठी नळ शेवटीच हवा. मी आधीपासून सांगत होते.

मामाला विचारलं तर नाहीच म्हणेल. उद्या लावताना गुपचूप दोन केबली बदलेन. आवाज ऐकला की त्याचं त्यालाच पटेल, आणि मग मी हळूच सांगेन.

२९ मार्च, दुपार

थिएटरच्या मागच्या अरुंद खोलीत बसून लिहितेय. कार्यक्रमाला वेळ आहे. हात थरथरतोय म्हणून अक्षर वाईट येतंय, आणि हे वाक्य लिहून मी आत्ताच पुन्हा रडले.

सगळं नीट मांडलं होतं. आवाज तपासायला चौघे स्टेजवर आले, मी खाली पहिल्या रांगेत, थिएटरच्या माणसांबरोबर. थेट 'जिन्या'चा शेवट धरला. मामाने पहिले सूर वाजवले, पाय मागे घेऊन नळ बंद केला, हात उचलला, आणि थिएटरभर शांतता पसरली. डिले बोलतच होता, पण नळ आता त्याच्याही पुढे, त्यामुळे त्याचं तोंड मीच बंद करून ठेवलं होतं. मामाला कळेना. त्याने नळ उघडला आणि राहिलेले सूर हाताने भरायला गेला. तार छेडायची चकती, म्हणजे पिक, तारेला एकदा लागायच्या जागी तीन-तीनदा लागत होती. तर्र, तर्र. त्याने पुन्हा नळ बंद केला. पुन्हा शांतता.

मग मी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. या दोन महिन्यांत पहिल्यांदा. तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता.

वादळने त्याच क्षणी झांजांवर काठ्या घातल्या आणि सगळं झाकून टाकलं. मास्तरीणबाई माईकवर म्हणाल्या, "कुठलीतरी केबल सैल दिसते." खांब, जो कधी हलत नाही, तो दोन पावलं पुढे येऊन मामाच्या आणि आमच्या मध्ये उभा राहिला. कुणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

मी स्टेजवर धावले. "मामा, मी बदललं. नळ मी शेवटी नेला. मला वाटलं…"

"असू दे. परत लाव," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोघे या खोलीत आलो तेव्हा मामी त्याचा शर्ट घेऊन बसली होती. मी विचारलं, "कधीपासून?"

"दाढी वाढली तेव्हापासून," मामी म्हणाली.

म्हणजे दाढी, बटणं, अर्धा कप, चष्म्याची काडी. मी! जी लोकांच्या डोळ्यांवर पोट भरते!

"डॉक्टर काय म्हणतात?"

"जिवाला काही नाही म्हणतात," मामा म्हणाला. "फक्त हात ऐकत नाही. औषध आहे, तेही अर्धवट ऐकतं."

"मग मला का नाही सांगितलंस रे? सगळ्यांना सांगितलंस."

मामी त्याची बटणं लावत होती, एकेक करून, खालून वर. मग मामा म्हणाला, "घरात, तालमीत, कुठेही गेलो तरी सगळे आधी माझ्या हाताकडे बघतात. प्रेमानेच बघतात, पण हाताकडे बघतात. तू एकटी पेडलांकडे बघत होतीस. भांडत होतीस, तोंड फुगवत होतीस. तुझ्यापुढे बसलो की मी नुसता गिटारवाला असायचो. ते मला हवं होतं."

मी हमसून रडले. मामी म्हणाली, "आता पुरे, फळी कोण लावणार?"

नळ डिलेच्या आधी लावला. आणि कॉम्प्रेसर, जो मी शहाणपणाने हलका ठेवला होता, तो आता त्याला विचारत विचारत घट्ट दाबला. "हे बरं की ते?" मी विचारायची, आणि या वेळी तो खरी उत्तरं देत होता. शेवटी प्रत्येक बटणावर चिकटपट्टी लावली, चुकून धक्का लागला तरी फिरू नये म्हणून. सुरात जीव राहील की नाही ही काळजी मी कशाला करत होते कोण जाणे. जीव वाजवणाऱ्यात होता.

३० मार्च, रविवार

काल रात्री लिहिणं झालं नाही. आज सकाळी दुकान बंद आहे, दार लावून आत बसलेय.

थिएटर भरलं होतं, जिन्यांवरही माणसं. मी स्टेजच्या कडेला, पडद्याआड, फळीपासून हातभर अंतरावर. मी ठरवलं होतं की हाताकडे बघायचं नाही, आणि तरी पहिल्या दोन चिजा मी हाताकडेच बघितलं. मग कळलं की माझ्यामुळे ऐकायचंच राहतंय. म्हणून पायाकडे बघायला लागले.

आणि पाय काय सुरेख चालले होते! तो डावा पाय ओव्हरड्राइव्ह दाबून मोकळा होतो आहे, उजवा नळावर इंचाइंचाने पुढे सरकतो आहे, त्याबरोबर सूर कुठून सुरू झाला ते न कळता दाराखालून उजेड यावा तसा आत येतो आहे. वादळ किती सांभाळून सावकाश वाजवत होता! काठ्या मोडणारा माणूस, पण पूर्ण संध्याकाळ त्याने ताल मामाच्या हाताखाली तळहातासारखा धरून ठेवला. मास्तरीणबाई खालच्या सुरात त्याच्या ओळीला टेकू देत होत्या, इतक्या हळू की लोकांना ते कीबोर्ड आहे हे कळूही नये. आणि मी यांना म्हातारे म्हटलं, लुडबुडे म्हटलं, ते वर लिहिलेलंच आहे. खोडणार नाही.

मग 'जिना'. मामा एक आड एक उतरला, डिलेने मधल्या पायऱ्या भरल्या. एका ठिकाणी हात फारच हलला, मी बघितलं. त्याने पाय मागे घेतला आणि हात पोटाशी धरून नुसता उभा राहिला, डोळे मिटून, आणि आवाज त्याच्याशिवाय खाली जात राहिला. त्या तेवढ्या वेळात लोकांनी श्वास धरला होता. मग तो परत आला आणि शेवटच्या पायरीवर दोघे एकदमच पोचले, तो आणि त्याचा आवाज. माझा कडक शेवट किती चुकीचा होता! शेवटचा सूर त्या उंच छताखाली फिरत राहिला, आणि तो पुरता विरेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही.

त्यानंतरच्या टाळ्यांचं काय लिहू?

नंतर गिटारवाली पोरंपोरी स्टेजवर चढली आणि मामाला सोडून फळीभोवती उकिडवी बसली, फोटो काढायला. हातावर कुणाचीही नजर नव्हती. एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही तर पेडलांच्या विरोधात होतात! आणि व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी का? हा क्रम कुणी लावला?"

मामाने दोन्ही हात खिशात घातले. माईक अजून चालू होता, वादळने तो त्याच्या तोंडापुढे धरला.

"ही माझी भाची," मामा सगळ्या थिएटरला म्हणाला. "हिने माझं वर्षानुवर्षं डोकं खाल्लं. मी नाही नाही म्हणत आलो. शेवटी हिचंच खरं निघालं. मी हरलो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या पोरी तर अशा बघत होत्या की जणू मीच वाजवलं. हेच वाक्य मला ऐकायचं होतं, याच्यासाठी मी ही डायरी विकत घेतली होती. मामा माझ्याकडे बघत होता, वाट बघत होता.

मी म्हटलं, "हो, मग! किती हट्टी माणूस आहे. नळ डिलेच्या आधी लाव म्हणून कानीकपाळी ओरडत होते मी. ऐकेल तर शपथ."

लोक हसले. मामा सगळ्यात मोठ्याने हसला.

३० मार्च, संध्याकाळ

मामाकडे जाऊन आले. मामी दमून झोपली होती. तो खिडकीशी बसला होता, फळी समोर जमिनीवर तशीच. कालच्या चिकटपट्ट्या निघालेल्या नव्हत्या.

"भाचेबाई, त्या ओव्हरड्राइव्हच्या जागी दुसरं काही बघायचं का गं?" तो म्हणाला. "याची खरखर जरा जुनाट वाटते."

"काही जुनाट नाही. तुला कळत नाही त्यातलं."

"बरं."

चहा मी केला. त्याचा कप अर्धाच भरला, त्याच्या हाताशी ठेवला, आणि मी पेडलांकडे बघत बसले.